हलकी कार्बन रोड सायकल घरी जोडताना : मापापासून पहिल्या घाटापर्यंत

सायकलचं वजन एक किलोने उतरवलं, तर सिंहगडाच्या घाटात किती वेळ वाचेल? पायथ्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत साधारण सहाशे मीटर उंची चढावी लागते. एक किलो वजन तेवढं वर न्यायला सुमारे ५,९०० ज्यूल ऊर्जा लागते. तुम्ही चढावर २०० वॉट देत असाल, तर हे तीस सेकंदांचं काम झालं. म्हणजे पाऊण-एक तासाच्या चढाईत अर्धा मिनिट. ज्याला तो अर्धा मिनिट हवा आहे त्याने जरूर मिळवावा, मलाही तो हवासा वाटतो. पण हा आकडा खरेदीला बसण्याआधी डोक्यात पक्का असावा, कारण पहिले पाचशे ग्रॅम स्वस्तात उतरतात आणि शेवटच्या दोनशे ग्रॅमला अर्ध्या सायकलचे पैसे पडतात.

माझं ठाम मत असं आहे की कार्बन सायकल चांगली होते ती मुख्यतः जोडणीच्या टेबलावर. फ्रेम कितीही महाग असो, बोल्ट चुकीच्या जोराने आवळले, स्टीअरर (फोर्कची हँडलकडे वर जाणारी नळी) वाकडा कापला, बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा क्रँक जिच्यात फिरतो ती बेअरिंग) तिरकी बसली, की ती सायकल करकरते, उतारावर धाकधूक लावते आणि दोन वर्षांत खराब होते. मध्यम किमतीची फ्रेम नीट जोडली तर ती वर्षानुवर्षं आवाज करत नाही. म्हणून या लेखात खरेदीपेक्षा जोडणीवर जास्त लिहिलं आहे. उदाहरणासाठी डिस्क ब्रेकची फ्रेम आणि शिमानो १०५ चा बारा गियरचा केबलवर चालणारा संच धरला आहे. आपल्याकडे त्याचे भाग मिळतात, आणि केबल तुटली तर तालुक्याच्या गावातही काहीतरी तोड निघते.

आधी माप

फ्रेमचा आकार 'एम' आहे की '५४' आहे, यावर जाऊ नका. प्रत्येक कंपनीचं एम वेगळं असतं. दोन आकडे पाहा : स्टॅक, म्हणजे बीबीच्या मध्यापासून हेडट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची, आणि रीच, म्हणजे त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर. सध्याची सायकल अंगाला बसलेली असेल तर टेप घेऊन तीन मापं लिहून ठेवा : बीबीच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंत, आणि सीट हँडलपेक्षा किती उंच आहे ते. नव्या फ्रेमवर ही मापं ९० ते ११० मिलिमीटरच्या स्टेममध्ये (हँडल धरणारा आखूड दांडा) आणि स्टेमखाली फार तर दोन-तीन सेंटिमीटर स्पेसरमध्ये (उंची वाढवणाऱ्या कड्या) जुळली पाहिजेत. ७० चा स्टेम लागत असेल किंवा स्पेसरचा मनोरा रचावा लागत असेल, तर फ्रेम चुकली आहे. कितीही स्वस्त मिळत असली तरी सोडून द्या.

पहिलीच रोड सायकल असेल तर फ्रेम घेण्याआधी फिटिंग (अंगाची मापं घेऊन सायकलची मापं ठरवणं) करून घ्यावं. त्याचे पैसे हलक्या सीटपोस्टच्या पैशांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

आपल्या रस्त्यांसाठी आणखी एक गोष्ट पाहायची, ती म्हणजे टायरला जागा. २८ मिलिमीटरचा टायर घालूनही फ्रेम आणि फोर्कमध्ये मोकळी जागा राहिली पाहिजे, ३२ बसत असेल तर फारच छान. पावसाळ्यात चिखल आणि बारीक खडी तिथे अडकते, आणि खडीने घासलेला कार्बन परत भरून येत नाही.

वजनाचा ताळेबंद

कागदावर बेरीज मांडल्याशिवाय एकही भाग मागवू नका. मधल्या आकाराची रंगवलेली चांगली कार्बन फ्रेम ९५० ग्रॅमच्या आसपास, फोर्क ४००. हेडसेट (हँडल जिच्यावर फिरतं ती बेअरिंग), एक्सपांडर (स्टीअररच्या आत बसणारी खीळ), स्पेसर मिळून १२०. गियर-ब्रेकचा पूर्ण संच, बीबी आणि डिस्कसह, सुमारे तीन किलो. चाकांची जोडी १,४५०, दोन टायर ५६०, टीपीयूच्या (एका हलक्या प्लास्टिकच्या) दोन ट्यूब ८०. ॲल्युमिनियमचं हँडल आणि स्टेम ३५०, टेप ६०, सीटपोस्ट १८०, सीट २००, पेडल २६५, बाटलीचे दोन स्टँड ५०, चाकं धरणारे दोन थ्रू-ॲक्सल ७०. बेरीज पावणेआठ किलोच्या जवळ जाते. तुलनेसाठी, यूसीआयच्या (जागतिक सायकलिंग संघटनेच्या) स्पर्धांमध्ये सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. हा नियम २००० सालापासून आहे.

वजन उतरवायची सगळ्यात सोपी जागा ट्यूबची, ती वरच्या बेरजेत आधीच धरली आहे. साध्या रबरी ट्यूबचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास असतं, टीपीयूची चाळीसच्या. जोडीमागे शंभर-सव्वाशे ग्रॅम, तेही थोड्या पैशांत. त्यानंतर चाकं आणि टायर. तिथे वजन कमी झालं की सायकल सिग्नलवरून आणि वळणातून निघताना हाताला वेगळी लागते, आणि चांगला टायर घर्षणही कमी करतो. कॅसेट (मागच्या दात्यांचा संच), क्रँक वरच्या दर्जाचे घेतले तर ग्रॅम उतरतात, पण दर ग्रॅममागे किंमत फार चढते.

ब्रेकच्या डिस्क, पॅड, टायरची जाडी आणि सीट, या चार ठिकाणी वजनाचा विचार करू नये. सीट तर जी टोचत नाही तीच हलकी. आणि बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करणार असाल तर दिवे, बॅटरी, ट्यूब, पंप मिळून किलोभर चढणारच आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, त्यात शंभर ग्रॅमचा फरक कुठे दिसतही नाही.

गियरबाबत संकोच करू नका. पुढे ५०-३४ आणि मागे ११-३४ दातांचे गियर घ्या. ३४ वर ३४ म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा, साधारण २.१ मीटर. मिनिटाला साठ फेरे मारले तरी ताशी साडेसात किलोमीटरने चढता येतं. सिंहगडाच्या उभ्या वळणांवर हाच गियर गुडघे वाचवतो.

कशात काय बसतं

इथे चूक झाली की पैसे बुडतात, म्हणून फ्रेमच्या माहितीपत्रकातून पाच गोष्टी उतरवून घ्या. बीबीचं मानक : बीएसए, टी४७, बीबी८६ की आणखी काही. मिळत असेल तर आट्यांचीच बीबी (बीएसए किंवा टी४७) घ्या. दाबून बसवायच्या बीबीपेक्षा ती कमी आवाज करते आणि काढता-घालता येते. दुसरी गोष्ट ॲक्सल : आजच्या डिस्क फ्रेमना पुढे १२ बाय १००, मागे १२ बाय १४२ मिलिमीटर. तिसरी, मागच्या हबवरचा फ्रीहब, म्हणजे ज्याच्यावर कॅसेट बसते तो भाग. शिमानो १०५ ची बारा गियरची कॅसेट जुन्या अकरा गियरच्या एचजी फ्रीहबवर बसते. स्रॅम कंपनीच्या बारा गियरला मात्र एक्सडीआर नावाचा फ्रीहब लागतो. चौथी, सीटपोस्ट गोल आहे की त्या फ्रेमसाठीच बनवलेला, कारण तसा असेल तर दुसरा कुठेच मिळणार नाही. पाचवी, हेडसेटच्या बेअरिंगची मापं आणि कोन. बेअरिंगच्या कडेवर ते कोरलेले असतात. त्याचा फोटो काढून ठेवा, दोन पावसाळ्यांनंतर लागेल.

फ्रेमसोबत एक जास्तीचा हँगर आजच मागवा. मागचा गियर ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो तो मुद्दाम मऊ केलेला असतो, सायकल पडली की फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि ऐनवेळी मिळत नाही.

हत्यारं

दोन टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराने आवळणारे पाने) लागतात. एक लहान, २ ते १५ न्यूटन-मीटरचा, आणि एक मोठा, ५०-६० पर्यंत जाणारा. मोठा एखाद्या दुकानातून किंवा मित्राकडून आणला तरी चालेल, लहान मात्र स्वतःचा असू द्या. हाताच्या अंदाजाने कार्बन आवळू नये, कारण ॲल्युमिनियम चुरगळण्याआधी वाकून सूचना देतं, कार्बन आतून तडकतो आणि बाहेर काही दिसत नाही. याशिवाय चांगल्या प्रतीच्या ॲलन चाव्या, केबल कापायचा कटर, चेन टूल, बीबीचा आणि कॅसेटचा पाना, ब्लीड किट (ब्रेकमधली हवा काढायचं), ग्रीस, कार्बन पेस्ट, आणि एन९५ मास्क.

स्टँडवर सायकल टांगताना पकड सीटपोस्टवर द्या. फ्रेमच्या नळीवर कधीही नाही. वरची नळी काही ठिकाणी इतकी पातळ असते की स्टँडच्या पकडीने ती दबू शकते.

जोडणी सुरू

फ्रेम हातात आली की आधी वजन करा, मग टॉर्च घेऊन बीबीच्या भोकातून, हेडट्यूबमधून, सीटट्यूबमधून आत पाहा. सुटलेला थर, राळेचा गोळा, राहून गेलेला प्लास्टिकचा तुकडा दिसला तर फोटो काढून विक्रेत्याला लगेच पाठवा. एकदा भाग चढवले की वॉरंटीचं बोलणं अवघड होतं. बेअरिंग बसायच्या जागा आणि ब्रेक बसायच्या जागा बोटाने चाचपा. रंगाचे थेंब असतील तर अलगद काढा.

सगळ्यात आधी नळ्या आणि केबल आत ओवायच्या. बीबी बसवण्याआधी, हे विसरू नका. ब्रेकची होज (तेलाची नळी) आणि गियरची आऊटर (केबलचं बाहेरचं आवरण) फ्रेममधून जाताना बीबीच्या पोकळीतूनच वळतात, आणि बीबी बसली की बोटाला जागा राहत नाही. आतल्या होजवर फोमची नळी चढवा, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात आतून टकटक ऐकू येते आणि तिच्यासाठी पुन्हा सगळी सायकल उघडावी लागते. होज कापण्यापूर्वी एक निर्णय घ्या : पुढचा ब्रेक कोणत्या हाताला? आपल्याकडे साध्या सायकलवर तो उजव्या हाताला असतो, बऱ्याच आयात सायकलींवर डावीकडे येतो. ज्या हाताची सवय आहे तोच ठेवा. घाटाच्या उतारावर घाईत हात सवयीनेच चालतो.

मग बीबी. बीएसएचे आटे उजव्या बाजूला उलटे असतात, म्हणजे चेनच्या बाजूचा कप घड्याळाच्या विरुद्ध फिरवून आवळतो. आट्यांना भरपूर ग्रीस, सुरुवातीचे तीन-चार फेरे बोटांनीच, आणि शेवटी ३५ ते ५० न्यूटन-मीटर. बोटांनी जात नसेल तर पाना लावू नका, कप तिरका धरला आहे. दाबून बसवायची बीबी असेल तर प्रेसनेच बसवा. हातोडी आणि लाकडाचा ठोकळा कार्बनवर चालत नाही.

क्रँकचा ॲक्सल उजवीकडून सरकवा, क्रँकचा डावा दांडा चढवा, टोकाची प्लास्टिकची टोपी ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर. एवढीच, ती फक्त खेळ काढण्यासाठी असते. मग डाव्या दांड्याचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे करत १२ ते १४ वर आणा. मधली सुरक्षा पट्टी नीट खाली बसली आहे ना, ते पाहा.

स्टीअरर

या एका कामाला निवांत सकाळ द्या. हेडसेटची बेअरिंग ग्रीस लावून बसवा, फोर्क घाला, स्पेसर आणि स्टेम चढवा. पण लगेच कापू नका. स्टेमच्या वर जास्तीचे स्पेसर ठेवून काही आठवडे सायकल चालवा, उंची वरखाली करून पाहा, पाठ आणि मान काय म्हणते ते ऐका. कापलेला स्टीअरर परत लांब होत नाही. हँडलमधून होज जाणारी जोडणी असेल तर प्रत्येक बदलात होजची लांबीही बदलते, म्हणून तिथे माप आधीच पक्कं हवं.

कापताना स्टेमच्या वर पाच मिलिमीटरचा एक स्पेसर राहू द्या, म्हणजे स्टेमची पूर्ण पकड नळीवर येते. नळीचं टोक त्या स्पेसरच्या वरच्या कडेपेक्षा साधारण तीन मिलिमीटर खाली असावं, नाहीतर टोपी नळीवरच टेकते आणि बेअरिंगवर दाब येत नाही. खुणेवर मास्किंग टेप गुंडाळा, मार्गदर्शक साच्यात धरा, आणि इंचाला ३२ दातांचं बारीक पातं वापरा. पाणी शिंपडत, मास्क लावून, घराबाहेर. कार्बनची धूळ फुप्फुसाला वाईट. दोन-तृतीयांश एका बाजूने कापा, मग नळी फिरवून उरलेलं दुसऱ्या बाजूने, म्हणजे शेवटचे धागे उसवत नाहीत. कड बारीक पॉलिश पेपरने बाहेरून आतल्या दिशेला घासा.

कार्बन स्टीअररमध्ये स्टार नट ठोकायचा नसतो. तिथे एक्सपांडर लागतो, आणि तो स्टेमच्या पकडीच्या बरोबर मागे येईल एवढा आत असावा. नळीला आतून आधार देणं हेच त्याचं मोठं काम आहे. वरची टोपी आवळून खेळ काढा, मग स्टेमचे बाजूचे बोल्ट ५ न्यूटन-मीटरवर. ब्रेक आणि चाकं चढली की तपासायला पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, बोट हेडसेटच्या सांध्यावर ठेवा. खटखट लागली तर सैल आहे. हँडल अडकत फिरत असेल तर जास्त आवळलं आहे.

हँडलच्या पुढच्या चार बोल्टना फुलीच्या क्रमाने आवळा, वरची आणि खालची फट सारखी ठेवून, ५ पर्यंत. भागावर कमी आकडा छापला असेल तर तोच खरा. हँडल कार्बनचं असेल तर पकडीच्या जागी कार्बन पेस्ट लावा. तिच्यातल्या बारीक कणांमुळे कमी जोरातही पकड येते. सीटपोस्टलाही तीच, ग्रीस नाही, आणि किमान खोलीची खूण फ्रेमच्या आत गेलीच पाहिजे.

ब्रेक

मागचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीच्या) खालून येणाऱ्या बोल्टांनी धरला जातो. चेनस्टेची जाडी फ्रेमप्रमाणे बदलते, म्हणून हे बोल्ट वेगवेगळ्या लांबीत मिळतात. आखूड बोल्ट दोनच आट्यांवर धरतो, लांब बोल्ट दुसऱ्या बाजूने डोकावतो. दोन्ही धोक्याचे. मोजून मागवा.

होज सरळ कापा, आत पिन आणि बाहेर ऑलिव्ह नावाची छोटी कडी चढवा, लिव्हरला जोडा. ब्लीड करताना चाकं, डिस्क आणि पॅड तिथून दूर, दुसऱ्या खोलीत ठेवा. पॅडला तेलाचा थेंब लागला की तो किंचाळतो आणि धरत नाही. शिमानोला मिनरल तेल, स्रॅमच्या रोड ब्रेकला डॉट ब्रेक ऑइल. अदलाबदल केली तर आतले सील फुगून खराब होतात. कॅलिपरमध्ये पिवळा ठोकळा अडकवून खालून सिरिंजने तेल वर ढकला, लिव्हरवरच्या फनेलमध्ये बुडबुडे येणं थांबेपर्यंत. मधून मधून होजवर टिचक्या मारा, अडकलेली हवा सुटते. लिव्हर दगडासारखा घट्ट लागला की काम झालं.

डिस्कची लॉकरिंग ४० न्यूटन-मीटर. चाक बसवा, कॅलिपरचे बोल्ट सैल ठेवा, लिव्हर दाबून धरा आणि त्या अवस्थेत ६ ते ८ पर्यंत आवळा. चाक फिरवून कान लावा. घासत असेल तर पांढरा कागद मागे धरून फटीतून पाहा आणि कॅलिपर केसभर सरकवा.

चाकं आणि गियर

नव्या चाकालाही आऊट (वाकडेपणा) आहे का ते पाहा, आणि जोडी-जोडीने स्पोक दाबून कुठे सैल लागतो का ते बघा. रिम हुकलेस (टायर धरणारी आतली कड नसलेली) असेल तर टायर हुकलेससाठीच बनवलेला हवा, आणि हवा ५ बार म्हणजे ७२.५ पीएसआयच्या वर कधीच नाही. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसरने भरताना हे सांगायला विसरू नका. किंबहुना स्वतःचाच पंप वापरा. सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ६५ ते ७० पीएसआय पुरतात. शंभर भरून सायकल वेगवान होत नाही, खडबडीत डांबरावर उलट उसळते.

कॅसेट ४० न्यूटन-मीटर. मागचा गियर बसवण्याआधी हँगर सरळ आहे का ते हँगर गेजने तपासा. नव्या फ्रेमचाही वाकडा निघतो, आणि मग दिवसभर ॲडजस्टर फिरवूनही बारा गियर जुळत नाहीत. चेन पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या दात्यावरून, गियरमधून न ओवता, गुंडाळा. टोकं जिथे भेटतात त्याहून एक आतली आणि एक बाहेरची कडी जास्त ठेवा. शिमानोच्या बारा गियरच्या चेनची छाप असलेली बाजू बाहेर येते.

नंतरचा क्रम पाळा : आधी केबल न जोडता सगळ्यात लहान दात्याची मर्यादा (चेन त्यापलीकडे जाऊ नये म्हणून असलेला स्क्रू), मग केबल ओढून घट्ट, मग एकेक गियर चढवत ॲडजस्टरने आवाज घालवणं, मग सगळ्यात मोठ्या दात्याची मर्यादा. ही शेवटची मर्यादा चुकली तर चेन आऱ्यांमध्ये जाते, तेही नेमकी उभ्या चढावर. पुढच्या गियरची बाहेरची पट्टी मोठ्या चकतीच्या दातांपासून १ ते ३ मिलिमीटर वर आणि चकतीला समांतर हवी.

पेडल चढवताना डाव्या पेडलचे आटे उलटे. ग्रीस लावाच, नाहीतर वर्षाने निघत नाहीत.

पहिले शंभर किलोमीटर

पहिल्या दिवशी घाट नको. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी तीसच्या वेगावरून जवळजवळ थांबेपर्यंत वीसेक वेळा ब्रेक लावा, पुढचा आणि मागचा वेगवेगळा, चाक पूर्ण न अडवता. पॅड आणि डिस्क एकमेकांना बसल्याशिवाय पूर्ण पकड येत नाही, आणि उताराच्या पहिल्या वळणावर हे शिकण्यात अर्थ नाही. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. स्टेम, सीटपोस्ट आणि क्रँकचे तर नक्की.

करकर आली तर लगेच बीबीला दोष देऊ नका. उभं राहून पेडल मारताना आवाज येतो आणि बसून येत नाही, तर स्टेम-हँडल पाहा. बसल्यावरच येतो, तर सीट आणि सीटपोस्ट. दोन्ही वेळा येतो, तर पेडल, चकतीचे बोल्ट, मागचा ॲक्सल, आणि सगळ्यात शेवटी बीबी.

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर खाऱ्या हवेचा विचार करा. कार्बनला चिकटलेलं ॲल्युमिनियम खारट ओलाव्यात गंजतं, आणि सीटपोस्टची क्लॅम्प किंवा बाटलीचे बोल्ट जागीच धरून बसतात. घामही तेच करतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा सीटपोस्ट काढा, सायकल उलटी करून आत साचलेलं पाणी काढा, पुसून नवी पेस्ट लावून परत घाला. बोल्टच्या आट्यांना ग्रीस असू द्या.

सायकल पडली, किंवा खोल खड्ड्यात पुढचं चाक जोरात आपटलं, तर तिथेच खाली बसून पाहा. रंगाला रेघ असेल तर नाण्याने आजूबाजूला टिचक्या मारा. टणटण आवाज मध्येच बद्द झाला तर आतला थर सुटला आहे, त्या सायकलवर बसून घरी येऊ नका. फ्रेमची नळी जाणकाराकडून दुरुस्त होऊ शकते. फोर्क किंवा स्टीअररबद्दल शंका राहिली, तर दुरुस्तीचा विचार न करता नवा फोर्क घाला.